तीन इलियास आणि एक तार

बहारीनमधल्या सित्र्याच्या आमच्या कँपात एकाच वेळी तीन इलियास होते, आणि तिघंही पाइप फिटर. ही थट्टा देवानं खास माझ्यासाठी केली असावी, कारण हजेरी मी घ्यायचो. मी दत्ताराम, गुहागरकडचा, रिफायनरीची कामं घेणाऱ्या कंपनीत टाइमकीपर. 'इलियास' अशी हाक मारली की तिघं वळायचे आणि काम सांगितलं की एकाचाही पत्ता नसायचा. शेवटी वैतागून मी तिघांचंही नाव काढून घेतलं आणि प्रत्येकाला दुसरं काहीतरी चिकटवलं.

पहिला इलियास हर्णैचा, कोकणी मुसलमान. वाडवडिलांची गलबतं होती म्हणून आडनाव नाखवा, तेच त्याला राहिलं. दुसरा वसईचा ख्रिस्ती, तो वसईकर. तिसरा रेवदंड्याचा बेने इस्राएल, म्हणजे आमच्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणतात त्या समाजाचा यहुदी. घरी त्याला एलियाह म्हणत, पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग मात्र इतर दोघांचं तेच. तो रेवदंडेकर. बाकीच्या कँपाला हे तिघंही मुसलमानच वाटत. रेवदंडेकर ते खोडून काढत नसे आणि आम्ही किनाऱ्यावरचे लोक तोंड उघडत नसू. अरब मुलुखात यहुद्याचं नाव उघड घेऊ नये, एवढं शहाणपण आम्हाला होतं.

शुक्रवारी सुट्टी. दुपारचं जेवण झालं की हे तिघं माझ्या खोलीत यायचे आणि नाव मुळात कुणाचं यावर वाद घालायचे. चौघांच्या घरच्या बोली चार तऱ्हेच्या, म्हणून आपसात आम्ही शाळेत शिकलेली मराठी बोलायचो, मधे मधे अरबी 'खलास' म्हणजे संपलं आणि 'यल्ला' म्हणजे चला. नाव हिब्रू, प्रेषित आपला, तेव्हा मूळ मालक आपणच, असं रेवदंडेकराचं म्हणणं. वसईकर सांगायचा की हा प्रेषित अग्नीच्या रथातून जिवंतपणी स्वर्गात गेला, हे त्याच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलंय. त्यावर रेवदंडेकर शांतपणे म्हणायचा की बरोबर आहे, पण जाताना रथ अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर टेकला होता, चाकाची खूण आजही आहे, त्याची आई दर वर्षी तिथं नवसाचा मलिदा घेऊन जायची. प्रेषितानं सगळं जग सोडून अलिबाग तालुक्यात उतरावं याचं वसईकराला फार वाईट वाटे. नाखवा फारसा बोलायचा नाही. कुराणात इलियासला सलाम आहे एवढं एकदा म्हणाला आणि चहाचे कप धुवायला उठला. मी म्हणायचो, अडीच-तीन हजार वर्षं टिकलेलं नाव तुम्हाला मिळालंय, निदान हजेरीला वेळेवर तरी या.

नाखव्याबद्दल आधीच सांगतो, कारण हे सगळं त्याच्याबद्दलच आहे. पंचेचाळिशीचा, रुंद हाडाचा, मितभाषी माणूस. पाचही वेळचा नमाज. खोटं बोलायचा नाही, इतका की फोरमनसुद्धा 'काम कुठवर आलंय' हे त्यालाच विचारायचा, कारण बाकीचे 'इंशाल्ला, झालंच' म्हणायचे. मला कधी कधी त्याचा राग यायचा. इतका सरळ माणूस शेजारी असला की आपण उगाचच वाकडे दिसतो.

आता माझी चूक. कामगारांना घरी पाठवायचा पत्ता इंग्रजीत लिहून देणं हे माझं जोडकाम होतं. नाखवा त्र्याहत्तर साली आला, तेव्हा मी त्याला तारेसाठी आखूड पत्ता करून दिला: नुसतं इलियास, कंपनीचा पोस्ट बॉक्स आणि बहारीन. तारेत जितके शब्द कमी तितकं बरं. तेव्हा कँपात इलियास एकच होता. दोन वर्षांनी वसईकर आला, मग रेवदंडेकर. त्यांनीही पत्ता मागितला. मी वही उघडली आणि तोच पत्ता दोघांना जसाच्या तसा उतरवून दिला. डोकं चालवायचे कष्ट घेतले नाहीत. तीन घरांत, तीन देव्हाऱ्यांपाशी म्हणा, माझ्या अक्षरातला तो एकच कागद तीन वर्षं जपून ठेवलेला होता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत रिफायनरीचं शटडाऊन चालू होतं. शटडाऊन म्हणजे प्लँट बंद करून सगळी दुरुस्ती ठरलेल्या दिवसांत उरकायची. त्या काळात सगळ्यांची रजा बंद. घरून तार आली तर दहा दिवसांची इमर्जन्सी रजा मिळे, पण एका तारेवर एकच माणूस, आणि मूळ तार दाखवल्याशिवाय नाही.

सव्वीस जानेवारी, गुरुवार. सकाळी आठ वाजता तार माझ्या टेबलावर आली. मुंबईहून सुटलेली. आई सीरियस आहे, ताबडतोब निघ, एवढाच इंग्रजी मजकूर. खाली पाठवणाऱ्याचं नाव नाही. वर पत्ता: इलियास.

मी ती तीनदा वाचली. मग पत्त्यांची वही काढून माझंच अक्षर पाहिलं.

गावच्या पोस्टातून परदेशी तार जायला वेळ लागतो म्हणून सगळेच जण मुंबईच्या नातेवाइकाकडून तार करवत. तेव्हा मुंबईवरून काही कळण्यासारखं नव्हतं. मी तिघांना कामावरून बोलावून घेतलं आणि तार त्यांच्यासमोर ठेवली. माझ्यामुळे झालंय हेही सांगितलं. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. कुणी दिली नाही.

वसईकराच्या आईला दिवाळीत छातीत दुखलं होतं. रेवदंडेकराची आई ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी जवळजवळ अधू, मागच्या पत्रात मेव्हण्यानं लिहिलं होतं की हल्ली जेवत नाही. दोघंही कागदाकडे बघत होते आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होते. वसईकराचा एक चुलतभाऊ मुंबईत एका गिरणीच्या ऑफिसात होता, तिथं फोन होता. ट्रंक कॉल लावला. दीड तासानं लागला, घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिकडे आज प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. तार करून विचारायचं तर उत्तर यायला दोन-तीन दिवस. आणि आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, ते कपाट गुरुवारी बाराला बंद होणार ते शनिवारीच उघडणार. विमान त्याच संध्याकाळचं.

पावणेअकरा झाले होते.

रेवदंडेकर म्हणाला, वसईकर, तू जा. वसईकर म्हणाला, तू जा, तुझी म्हातारी जास्त वयाची. वरवर बघणाऱ्याला हे औदार्य वाटलं असतं. मला दोघांच्या चेहऱ्यावर नुसती भीती दिसत होती. जो जाईल त्याची आई घरी धडधाकट निघाली, तर दुसऱ्याची आईशी शेवटची भेट त्यानं हिरावून घेतली असं होणार. जन्मभर एकाच खोलीत, वरच्या-खालच्या खाटेवर झोपायचं आणि हे मनात ठेवून. मी मूर्खासारखं सुचवलं की चिठ्ठ्या टाका. रेवदंडेकरानं माझ्याकडे असं पाहिलं की मी वही चाळायला लागलो. तो म्हणाला, "आयांच्या चिठ्ठ्या टाकत नाहीत, दत्ताराम."

इतका वेळ नाखवा दारापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या आईचं काय, हे आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, नाखवा, तार तुझीही असू शकते.

"माझी नाही," तो म्हणाला. "माझी आई मी जन्मलो त्याच दिवशी गेली."

पाच वर्षं हा माणूस माझ्या खोलीत चहा पीत होता आणि मला हे माहीत नव्हतं. इतर जण आईची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायचे तेव्हा तो गप्प राहून ऐकायचा, ते मी त्याचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं.

मग तो उठला आणि म्हणाला, "मी जातो."

वसईकराला वाटलं त्याचं डोकं फिरलं. पण नाखव्यानं ते पाइपाचं माप सांगावं तसं समजावून सांगितलं. तुमच्यातला कुणीही गेला तर आधी धावत आपल्याच घरी जाणार, आणि तिथं आई बरी दिसली तरी पाय निघणार नाही. मी रात्री मुंबईत उतरलो की सकाळी वसई गाठतो, ती जवळ. तिथं सगळं ठीक असेल तर तसाच भाऊच्या धक्क्यावर, लाँचनं रेवस, पुढे एसटीनं रेवदंडा. जिचं दुखणं असेल तिच्यापाशी थांबतो आणि त्याच दिवशी पुरं नाव घालून तार करतो. त्या तारेवर खरा मुलगा सुटेल. तोवर तिच्याजवळ कुणीतरी इकडून आलेलं असेल. ऑफिसला काय, इलियास नावाचा माणूस हवा. माझंही नाव तेच आहे.

याहून बरा उपाय पुष्कळ असतील, मला नंतर सुचलेही. त्या वेळी तासभर उरला होता आणि ते दोघे जागचे हलत नव्हते. रेवदंडेकरानं खिशातून पाकीट काढलं, त्यातला आईचा फोटो नाखव्याच्या हातात दिला. वसईकरानंही दिला.

मी नाखव्याला घेऊन साहेबाकडे गेलो. पर्सोनेलचा गोरा साहेब माणूस वाईट नव्हता, पण शटडाऊनमध्ये दर दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आजी मरत होती, त्यामुळे त्याचा विश्वास उडालेला. त्यानं तार वाचली, पासपोर्टवरचं नाव जुळवलं आणि विचारलं, ही तुझ्या आईबद्दल आहे?

या माणसाला पाच वर्षांत एकदाही खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. नाखवा जमिनीकडे बघत म्हणाला, "यस सर." साहेबानं पुढे विचारलं, तिला शेवटचं कधी पाहिलंस? नाखवा म्हणाला, "लाँग टाइम, सर." साहेबानं सही केली. बाहेर आल्यावर नाखव्यानं नळाखाली तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली आणि मला म्हणाला की दुसरं उत्तर तरी खरं होतं. मी त्याच्या पाया पडलो नाही याची मला आजही रुखरुख आहे.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. तार नाही. नाखव्यानं शनिवारी केली होती, ती वाटेत कुठे अडकली कोण जाणे. वसईकर आणि रेवदंडेकर एकाच गँगमध्ये काम करत होते, एकमेकांना नट आवळायचे पाने देत-घेत होते आणि जेवताना मात्र वेगवेगळ्या बाकांवर बसत होते. सोमवारी दुपारी दोन तारा बरोबरच आल्या. पहिलीत रेवदंडेकराचं पुरं नाव आणि आई सीरियस. दुसरीत, रविवारी सकाळी आई गेली, त्याच दिवशी दफन झालं.

मी त्या घेऊन प्लँटवर गेलो. रेवदंडेकरानं वाचल्या, घडी घातल्या, हेल्मेट काढून पाइपावर ठेवलं. साहेबाकडे जाऊ का, म्हणून विचारलं, तर नको म्हणाला. आता जाऊन कुणाला बघायचं. वसईकर पलीकडे उभा होता. त्याची आई बरी आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू आनंद झाला म्हणून तो कुणाची तरी माफी मागतोय.

रेवदंडेकराच्या रीतीप्रमाणे सात दिवस घरात जमिनीवर बसून राहायचं असतं, काम करायचं नसतं. शटडाऊनमध्ये कोण सोडणार. तेव्हा वसईकरानं आपली पाळी संपली की रेवदंडेकराची पाळी ओढली, रोज, रविवारपर्यंत, आणि मी रेवदंडेकराच्या कार्डावर हजेरी लावली. हजेरीत मी केलेली ती एकमेव लबाडी. तिची मला लाज वाटत नाही. माझ्या खोलीतली चटई त्याला दिली, तो तिच्यावर बसून राहायचा. रडला नाही. एकदाच म्हणाला, की शेवटी तिच्या जवळ कोण होतं ते नाखव्याला विचारायचंय.

पाच फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, नाखवा विमानतळावरून आला. पिशवी खाली ठेवून तो रेवदंडेकरासमोर जमिनीवरच बसला. वसईकर दारात उभा राहिला. मी दार लोटून घेतलं.

नाखव्यानं सगळं क्रमानं सांगितलं. वसईत पोचला तेव्हा वसईकराची आई अंगणात सुकवलेले बोंबील उलटत होती. तिनं जेवूनच जा म्हणून धरून ठेवलं, तरी हा निसटला. रेवदंड्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मेव्हण्यानं दार उघडलं. हा म्हणाला, मी बहारीनहून आलो, इलियास. ते शब्द आतपर्यंत गेले आणि म्हातारी खाटेवर उठून बसायची धडपड करायला लागली. त्यानं जाऊन तिचा हात धरला. मुलगा आलाय असं तिला वाटतंय, ते तसंच राहू द्यावं, असं मेव्हणा डोळ्यांनी खुणावत होता.

"मग?" रेवदंडेकरानं विचारलं.

मग तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ चाचपलं, कान चाचपले. आणि म्हणाली, हा माझा नाही, माझ्याच्या भुवईत खोक आहे. कुणाचा रे तू?

नाखवा तिच्याशी खोटं बोलला नाही. तार कशी आली, तिघांचं नाव कसं एक, तिचा मुलगा का नाही आला, सगळं त्यानं सांगितलं. ती ऐकत होती. अधूनमधून तिचा डोळा लागायचा, जाग आली की 'पुढे' म्हणायची. शेवटी तिनं विचारलं की मग तुझ्या आईनं तुला कसं सोडलं माझ्याकडे यायला. तेव्हा त्याला तेही सांगावं लागलं.

त्यानंतर तिनं त्याचा हात सोडला नाही. दोन रात्री तो खाटेशी बसून होता. पाणी त्याच्याच हातून घ्यायची. पत्रात मुलगा काय लिहीत नाही ते सगळं तिनं विचारून घेतलं: उन्हात काम करतो का, मासे मिळतात का, रागावतो का अजून. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. शनिवारी संध्याकाळी तिनं मेव्हण्याला, मुलीला, शेजाऱ्यांना बोलावून काही सांगून ठेवलं. रविवारी पहाटे ती गेली. खांदा द्यायला नाखवा होता.

एवढं सांगून त्यानं पिशवीतून घडी केलेला एक पांढरा सदरा काढला आणि चटईवर ठेवला. सदरा त्याचा स्वतःचा, ईदला घालायचा. डाव्या बाजूला गळ्यापासून छातीपर्यंत तो फाटलेला होता.

वसईकराला आणि मला काही कळेना. रेवदंडेकरानं सदऱ्याला हात लावला आणि आमच्याकडे न बघता सांगितलं, की त्याच्या घरी आईबाप गेले की मुलाचा सदरा काळजापाशी फाडतात. फक्त पोटच्या मुलांचा. मग तो सात दिवस अंगावर ठेवायचा असतो.

"कुणी फाडला?"

"तुझ्या मेव्हण्यानं," नाखवा म्हणाला. "तो तयार नव्हता. पण तिनं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, याचाही फाडा म्हणून."

वसईकरानं दबकत विचारलं, की नाखवा, तुमच्यात हे चालतं का.

"नाही चालत. कपडे फाडून दुःख करू नये, असं आम्हाला सांगितलंय." त्यानं खाली बघितलं. "पण मुलगा समजून मला कुणी काही सांगायची ही पहिलीच वेळ होती. नाही कसं म्हणू? सात दिवस घातला."

बाहेर कंपनीची बस पाळीची माणसं सोडून गेली. रेवदंडेकर उठला. त्यानं खुंटीवरचा आपला चांगला सदरा काढला, अंगात घातला, गळ्याचं बटण सोडलं आणि नाखव्यासमोर उभा राहिला.

"माझा अजून फाडायचा राहिलाय," तो म्हणाला. "इथं घरचं कुणी नव्हतं."

नाखवा उभा राहिला. त्यानं रेवदंडेकराची कॉलर डाव्या बाजूला धरली. कापड नवं होतं, पहिल्या झटक्याला फाटेना. मग दुसऱ्या हातानं त्यानं खालून पकड घेतली आणि ओढलं, तेव्हा ते फाटलं, आणि रेवदंडेकर दहा दिवसांत पहिल्यांदा रडला. नाखवा त्याला धरून खाली चटईवर बसला. वसईकर दारातून आत आला आणि त्या दोघांच्या शेजारी बसला.